चिनी काढे आणि पोटाचे विकार : ट्रायल्स काय सांगतात?

निवडुंग
कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) धाग्यावर परवा कुणीतरी 'ती चिनी निळी पावडर कुठे मिळेल' असं विचारलं आणि लगेच दोन तट पडले. एकीकडे 'सगळी भोंदूगिरी', दुसरीकडे 'हजारो वर्षांचं शास्त्र आहे, चूक कसं असेल'. एवढ्या प्रतिसादांत एकाही ट्रायलचा उल्लेख नाही. तो धागा आजारी माणसांच्या उपयोगाचा आहे, आणखी भरकटायला नको म्हणून हे दुकान वेगळं मांडतोय.

आधी खुलासा: मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. औषधांच्या ट्रायल्सचा विदा तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम.

सुरुवात सिडनीपासून करू. १९९८ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली एक ट्रायल छापून आली. आयबीएसचे (तपासणीत आतडं ठीक, तरी पोटदुखी आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठ छळतात तो विकार) ११६ रुग्ण, तीन गट. ३८ जणांना चिनी वैद्याने प्रत्येकाचं बघून ठरवलेलं मिश्रण, ४३ जणांना सरसकट एकच, २० वनस्पतींचं ठरीव मिश्रण आणि ३५ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या कॅप्सूल. सगळ्यांना कॅप्सूल सारख्याच, दिवसातून तीनदा पाच-पाच, १६ आठवडे. आपल्या बाटलीत काय आहे हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्या वैद्याला नाही आणि पोटाच्या डॉक्टरलाही नाही. यालाच डबल-ब्लाइंड म्हणतात. शेवटी दोन्ही औषधगट प्लासिबोपेक्षा बरे निघाले. औषध थांबवल्यानंतर १४ आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा सुधारणा टिकलेली दिसली ती फक्त 'प्रत्येकाचं वेगळं' या गटात.

आता हाँगकाँग, २००६. जुलाबप्रधान आयबीएसचे ११९ रुग्ण, ११ वनस्पतींचं मिश्रण, ८ आठवडे. प्लासिबोच्या तुलनेत फरक शून्य.

रोग तोच, परंपरा तीच आणि निकाल उलटे. म्हणून 'चिनी औषध लागू पडतं का' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कुठला काढा, कुठल्या विकारावर, कशाच्या तुलनेत आणि नंतर किती दिवस लक्ष ठेवलं, एवढं सांगितलंत तर बोलता येईल.

तिरकस
म्हणजे एक-एक बरोबरी, सामना अनिर्णित. पण निवडुंगराव, चिनी औषधावर बोलताय आणि उदाहरणं सिडनी न् हाँगकाँगची? खुद्द चीनमध्ये ढिगाने ट्रायल्स झाल्या असतील की. त्या कुठे गेल्या?

निवडुंग
ढीग आहेच, आणि ढीग हीच अडचण आहे. २००६ साली कॉक्रेनवाल्यांनी (जगभरच्या ट्रायल्स एकत्र करून तपासणारी संस्था) आयबीएसवरच्या वनौषधींच्या ट्रायल्स गोळा केल्या, त्यातल्या बहुतेक चीनमधल्याच. ७५ ट्रायल्स, ७,९५७ रुग्ण, ७१ वेगवेगळी औषधं. नीट प्लासिबो ठेवून, डबल-ब्लाइंड, दर्जेदार म्हणाव्यात अशा त्यात तीन. बाकीच्यांत कुणाला कुठल्या गटात कसं टाकलं याचाच पत्ता नाही.

आणखी एक मासला. १९९८ मध्ये एका इंग्लिश संशोधकाने देशवार हिशोब मांडला होता. इंग्लंडात छापलेल्या ट्रायल्सपैकी ७५ टक्क्यांत नवा उपचार सरस ठरला होता, चीनमध्ये ९९ टक्क्यांत. ९९ टक्के निकाल लावणारी शाळा बघितली की आपण आधी पर्यवेक्षकाकडे बघतो. (रशिया ९७ वर होता. एकट्या चीनला झोडपू नका.)

२००९ मध्ये तर चिनी संशोधकांनीच, चिनी नियतकालिकांत 'रँडमाइज्ड' (कुठला रुग्ण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेल्या) म्हणून छापलेल्या ट्रायल्सच्या लेखकांना फोन लावले आणि 'वाटणी नेमकी कशी केलीत' ते विचारलं. खरोखर रँडमाइज्ड निघाल्या सुमारे ७ टक्के. बऱ्याच जणांना त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. हे उघडं पाडणारे तिथलेच लोक होते, याचं मला कौतुक आहे. तेव्हापासून सुधारणा दिसते. चिनी काढ्यांच्या ट्रायल्स कशा लिहायच्या याची वेगळी नियमावली २०१७ मध्ये हाँगकाँगच्या मंडळींच्या पुढाकाराने आली. वनस्पतीचा कुठला भाग, कुठून आणला, प्लासिबो कशाचा केला, सगळं लिहायचं.

वैद्य_मंजिरी
आयुर्वेदाची पदवी आणि वीस-बावीस वर्षांची प्रॅक्टिस या बळावर लिहिते.

सिडनीच्या ट्रायलचा खरा धडा शेवटच्या ओळीत आहे आणि तिथूनच सगळे पुढे सरकतात. आम्ही कधीपासून ओरडतोय की व्यक्तीनुसार चिकित्सा काढून टाकली तर उरतो तो नुसता पाला. अतिसाराच्या दहा रुग्णांना दहा जणांची अग्नी-प्रकृती बघून औषध द्यायचं असतं. तुम्ही सगळ्यांना एकच चूर्ण देता आणि मग म्हणता फरक नाही. हाँगकाँगमध्ये नेमकं तेच झालं.

आंत्रवैद्य
मंजिरीताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण त्या ट्रायलवर एवढा भार टाकू नका. उपचार संपला त्या दिवशी ठरीव मिश्रणाचा गटही चांगलाच होता, 'वेगळं' मिश्रण त्याच्या पुढे नव्हतं. फरक दिसला तो नंतर, आणि गट ३८ जणांचा. एवढ्याशा गटात असा फरक योगायोगानेही येतो. आयबीएसमध्ये प्लासिबोनेच तीस-चाळीस टक्के लोकांना बरं वाटतं, हे ओपीडीत रोज बघतो.

मला त्या ट्रायलमधलं आवडलं ते वेगळंच. 'व्यक्तीनुसार चिकित्सेची डबल-ब्लाइंड ट्रायल होऊच शकत नाही' हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर त्यांनी निकालात काढलं. वैद्य तपासणार, त्याला हवं ते लिहिणार, बाटली भरणारा तिसराच. पंचकर्माची अशी ट्रायल अवघड, मान्य. पण चूर्ण-वटीची का नाही?

वैद्य_मंजिरी
करायची तयारी आहे, निधी कोण देतो? आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांपलीकडे पैसा सरकत नाही. पण हो, 'होऊच शकत नाही' असं मी म्हणणार नाही.

पुडाँगचा_पाहुणा
शांघायला नोकरीनिमित्त काही वर्षं काढली. तिथे पोट बिघडलं की ऑफिसातली कुणीही बाई पर्समधून पिवळ्या गोळ्या काढते. हुआंगलियनसू. कुठल्याही फार्मसीत, चिल्लरच्या भावात. कडू अशी की जीभ दिवसभर विसरत नाही. लोक त्याला 'चिनी औषध' म्हणतात, पण बाटलीवर रसायनाचं नाव असतं. हे नक्की कशात मोडतं?

आंत्रवैद्य
दोन्हींत. ते बर्बरिन. हुआंगलियन म्हणजे कॉप्टिस नावाच्या वनस्पतीचं मूळ, त्यातला हा पिवळा अल्कलॉइड. आपल्याकडे दारुहळदीत तोच असतो, रसांजन त्याचंच.

यावर बऱ्यापैकी जुनं काम आपल्या शेजारी झालंय. १९८७ साली ढाक्यातल्या रुग्णांवरची ट्रायल 'जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये आली. ई-कोलायच्या एका प्रकाराने होणाऱ्या जुलाबांत ४०० मिलिग्रॅमच्या एका डोसने जुलाबाचं प्रमाण स्पष्ट घटलं. कॉलऱ्यात मात्र फारसा उजेड पडला नाही. आणि ओआरएसला पर्याय म्हणून कुणीही वाचू नये, पाणी भरून काढणं पहिलं.

याहून मोठी गोष्ट २०२० ची. चीनमधल्या सात केंद्रांत, मोठ्या आतड्यातले ॲडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतील असे पॉलिप, काढून टाकलेल्या हजारावर लोकांना बर्बरिन ०.३ ग्रॅम दिवसातून दोनदा किंवा प्लासिबो दिलं. दोन वर्षांत कोलोनोस्कोपी केली तेव्हा पॉलिप परत आलेले सापडले प्लासिबो गटात ४७ टक्के लोकांत, बर्बरिन गटात ३६ टक्क्यांत. डबल-ब्लाइंड, 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या अंकात छापलेली. याला मी गंभीर संशोधन म्हणतो. कॅन्सर कमी झाला असं त्यात कुणी म्हटलेलं नाही, तेवढा काळच गेलेला नव्हता.

सावधगिरी: काही औषधांची रक्तातली पातळी बर्बरिन वाढवतं. किडनी ट्रान्सप्लांटनंतरच्या सायक्लोस्पोरिनचं उदाहरण ठळक. गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांना अजिबात नको, बाळाची कावीळ वाढू शकते. सिंगापूरने याच कारणासाठी १९७८ पासून त्यावर बंदी घातली होती, नंतर उठवली.

सोनचाफा
तिकडे पावडर विचारणारी मीच. सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस. मेसालामाइन (कोलायटिसचं नेहमीचं औषध) चालू आहे, दोनदा स्टेरॉइड घ्यावे लागले. एका परदेशी गटात वाचून त्या पावडरच्या कॅप्सूल मागवल्या आणि काही आठवड्यांपासून घेतेय. रक्त पडणं थांबलंय. खोटं बोलणार नाही, सहा वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, ओरडतील. तुम्ही लोक काढ्यांच्या इतिहासात रमलाय, माझ्या पावडरीबद्दल कुणी बोलेल का?

निशिकासाईकर
मी बोलतो. तोक्योत राहतो, औषधनिर्माण क्षेत्रातच आहे, आणि ही कथा इथे आमच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे.

तुमच्या पावडरीचं नाव चिंग-दाय, जपानीत सेइताइ. सरळ सांगायचं तर नीळ. निळीच्या झाडपाल्याला पाण्यात कुजवतात, चुना घालून घुसळतात, वर येणारा निळा फेस काढून वाळवतात. चिनी वैद्यकात तोंडातल्या फोडांना लावायला, पोटात घ्यायला, बस्तीतून द्यायला जुना वापर.

जपानमध्ये कोलायटिसचे रुग्ण ती स्वतःच घ्यायला लागले आणि बरे दिसायला लागले, तेव्हा केइओ विद्यापीठाच्या मंडळींनी पुढाकार घेऊन नीट ट्रायल केली. ८६ रुग्ण, ८ आठवडे, प्लासिबो किंवा रोज अर्धा, एक, दोन ग्रॅम. प्रतिसाद दिसला तो असा: प्लासिबो १३.६ टक्के, अर्धा ग्रॅम ६९.६, एक ग्रॅम ७५, दोन ग्रॅम ८१. २०१८ मध्ये 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी'त छापून आली. कोलायटिसच्या महागड्या इंजेक्शनांच्या ट्रायल्समध्येही प्लासिबोशी एवढं अंतर सहसा दिसत नाही. तेव्हा सोनचाफाताई, तुम्हाला वाटणारं बरं हे मनाचे खेळ नाहीत.

पण ती ट्रायल मध्येच थांबवावी लागली. ट्रायलबाहेरच्या एका रुग्णाने स्वतः विकत आणून ही पावडर सहा महिने घेतली होती, त्याला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन झालं. हृदयाकडून फुप्फुसात रक्त नेणाऱ्या रोहिणीतला दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. नुसत्या बीपीच्या मशिनवर हे कळत नाही. २०१६ च्या डिसेंबरात इथल्या आरोग्य मंत्रालयाने इशारा काढला. मग देशभर पाहणी झाली: ही पावडर घेतलेले कोलायटिसचे ८७७ रुग्ण सापडले, त्यांतल्या ९१ जणांना काही ना काही त्रास. यकृताच्या तक्रारी ४०, आणि हा फुप्फुसदाब ११ जणांना. डोस कमी होता म्हणून सुटला असंही दिसलं नाही.

आंत्रवैद्य
सोनचाफा, आधी तुमचं. आजच कॅप्सूल थांबवा आणि या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा. ओरडले तर ओरडू देत. २डी एको करायला सांगा आणि त्यात फुप्फुसाच्या रोहिणीतल्या दाबाचा अंदाज लिहायला सांगा, कारण नेहमीच्या रिपोर्टात कधी कधी त्यावर एक शब्द नसतो. लिव्हरच्या तपासण्या करा. जिना चढताना दम, पायाला सूज, घेरी, छातीत धडधड यातलं काही असेल तर आठवड्याची वाट बघू नका. जपानमध्ये बहुतेकांचा त्रास पावडर थांबवल्यावर उतरला, हे धीर देणारं आहे. मेसालामाइन चालू ठेवा. पावडर बंद केल्यावर रोग उसळू शकतो, म्हणून डॉक्टरांना पूर्ण खरं सांगणं जरुरीचं.

कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे हे तुम्हाला, मला, कदाचित विकणाऱ्यालाही माहीत नाही. चुन्याची भेसळ, जड धातू, चूर्णात घातलेलं स्टेरॉइड, सगळे प्रकार वनौषधींत सापडलेले आहेत.

ती का लागू पडते याचं उत्तरही मिळतंय. निळीतलं इंडिगो आणि इंडिरुबिन आपल्या पेशींतल्या एएचआर नावाच्या रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) जाऊन भिडतात. तो चेतवला गेला की आतड्याच्या अस्तरात इंटरल्युकिन-२२ हे प्रथिन वाढतं आणि अस्तर भरून यायला मदत होते. याच रिसेप्टरवर काम करणारं सोरायसिसचं एक मलम अमेरिकेत २०२२ पासून मान्यताप्राप्त आहे. म्हणजे वाट खरी आहे. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांना होणारा त्रासही बहुधा त्याच वाटेने येतो, हा त्यातला पेच. परिणाम आतड्यापुरता ठेवता आला तर औषध होईल.

सह्याद्रीवेडा
अवांतर, पण राहवत नाही. ही नीळ आपल्या चंपारणवाल्या निळीच्याच झाडाची का?

निशिकासाईकर
नाही. चिंग-दायसाठी प्रामुख्याने तीन वेगळ्या वनस्पती वापरतात, त्यातली एक स्ट्रोबिलँथिस कुशिया. म्हणजे तुमच्या सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीची जवळची नातलग, प्रजाती (जीनस) तीच. पण कारवीचा पाला उकळून कुणी प्रयोग करू नये, त्यात नीळ असते असं कुणी सांगितलेलं नाही.

मालवणी_मसाला
नातलगांवरून आठवलं. मुलगी ओसाकाला असते, तिच्या ऑपरेशननंतर इस्पितळातल्या डॉक्टरांनी चक्क एक काढ्याची पुडी दिली, पचनसंस्था 'चालू' व्हायला. ती म्हणे, आई, याला आपल्या बांगड्याच्या तिरफळाचा वास येतो, जीभही तशीच झिणझिणते. इस्पितळात काढा? निशिकासाईकर, हे खरं का?

निशिकासाईकर
अगदी खरं, आणि मुलीची जीभ हुशार आहे. ते दाइकेनचूतो. सुंठ, जिनसेंग, सान्शो आणि माल्टोजची साखर. सान्शो ही तिरफळाचीच प्रजाती, झँथोझायलम. झिणझिण्या आणणारं सान्शूल आतड्यातल्या मज्जातंतूंना चाळवतं, त्यातून हालचाल वाढते अशी उपपत्ती. मूळ कृती चिनी, झांग झोंगजिंग या प्राचीन वैद्याच्या ग्रंथपरंपरेतली, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची.

इथे अशा काढ्यांना कांपो म्हणतात. एमबीबीएससारखी पदवी असलेले नेहमीचे डॉक्टरच ते लिहून देतात, १४८ कृती सरकारी आरोग्य विम्यात बसतात. आपल्याकडे ॲलोपॅथी-आयुर्वेदाच्या भिंती आहेत, तशा इथे नाहीत. पण विम्यात आहे म्हणजे पुरावा भक्कम, असं समजू नका. दाइकेनचूतोच्या मोठ्या ट्रायल्स झाल्या, त्यात यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर पहिली शौच काही तास लवकर झाली आणि मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ठळक फरक दिसला नाही. अपचनावरच्या रिक्कुन्शितोने उंदरांत घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन वाढतं यावर पानंच्या पानं लिहिली गेली, पण २४७ रुग्णांच्या ट्रायलमध्ये गुण आलेले ३४ टक्के विरुद्ध प्लासिबोत २४ टक्के, म्हणजे मुख्य निकाल संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या अलीकडेच अडकला.

आणि दुष्परिणामही इथल्याच नोंदींतून जगाला कळले. हिपॅटायटिससाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या शोसाइकोतोमुळे फुप्फुसांचा गंभीर दाह झाला, १९९६ पर्यंत दहा मृत्यू नोंदले गेले. गार्डेनियाचं फळ असलेले काढे वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आतड्याच्या शिरा कडक होतात, कोलोनोस्कोपीत उजवीकडचं आतडं चक्क निळसर दिसतं. पुरावा शोधणारी यंत्रणा असली की दोन्ही बाजू सापडतात.

तिरकस
गार्डेनिया म्हणजे आपली डिकेमाली ना? आमच्या आजीने अख्ख्या चाळीतल्या बाळांना चाटवली असेल.

वैद्य_मंजिरी
प्रजाती तीच, पण डिकेमाली हा कळ्यांवरचा डिंक आणि वापर थोड्या दिवसांचा. तिकडचा त्रास फळातल्या जेनिपोसाइडमुळे आणि अनेक वर्षांच्या वापराने होतो. आजीला सुटका द्या. ज्येष्ठमधाबद्दल मात्र मी स्वतः रुग्णांना बजावते. चिनी काढ्यांत तो जवळजवळ सगळीकडे असतो, आपणही खोकल्याला, आम्लपित्ताला भरपूर देतो. जास्त दिवस घेतला तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. त्यापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन एकेकाळी ब्रिटनमध्ये अल्सरचं अधिकृत औषध होतं, तेही असल्याच दुष्परिणामांमुळे मागे पडलं.

सोनचाफा
कॅप्सूल बंद केल्या. डॉक्टर ओरडले, पण कमीच. एको झाला, दाब नॉर्मल. लिव्हरचा एक आकडा वाढलेला आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा बघणार. पाकिटाचा फोटो त्यांनी फाइलला लावून घेतला. पुढे काय द्यायचं ते आता कोलोनोस्कोपीनंतर ठरेल. आंत्रवैद्य, निशिकासाईकर, आभार.

पोटोबा
एवढ्या मोठ्या आजारांत माझा प्रश्न क्षुल्लक, पण जनतेचा आहे. बद्धकोष्ठ. पुडाँगच्या पाहुण्यांना तिकडे 'भांगेच्या बियांच्या गोळ्या' दिसल्या असतील. त्यांचं काही?

पुडाँगचा_पाहुणा
दिसल्या काय, घेतल्या. शेंगदाण्याएवढ्या काळ्या गोळ्या, मुठीने खायच्या. काम होतं.

निवडुंग
यावर हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठाचं काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं ते सर्वांत नीटनेटकं. काढ्याचं नाव मा-झी-रेन-वान. २०१९ ची ट्रायल, २९१ रुग्ण, तीन गट: हा काढा, सोनामुखी आणि प्लासिबो, ८ आठवडे. नुसत्या प्लासिबोशी तुलना न करता घरोघरी असलेल्या औषधाशी केली, हे मला भावलं. उपचार चालू असताना गुण आला तो ६८ टक्के, ५७.७ टक्के आणि ३३ टक्के लोकांना. औषध थांबवल्यानंतरच्या ८ आठवड्यांत मात्र सोनामुखी २०.६ वर घसरली, जवळजवळ प्लासिबोच्या १७.५ शेजारी. काढा ४७.४ वर राहिला.

फक्त 'भांगेचं बी' या नावाने हुरळून जाऊ नका. काढ्यात सहा घटक आहेत आणि त्यातला एक रेवंदचिनी. तिच्यातली रेचक द्रव्यं सोनामुखीच्याच कुळातली. तेव्हा 'सौम्य, नैसर्गिक, सवय न लागणारं' असं जाहिरातीत वाचलंत तर आधी घटकांची यादी बघा. आणि पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल तर काढाही नको, सोनामुखीही नको. आधी आंत्रवैद्यांसारख्या कुणाला तरी दाखवा.

पोटोबा
कळलं. आणि भांगेचं बी म्हणून विमानतळावर धरणार नाहीत ना?

निवडुंग
नुसतं बी खाद्यपदार्थ म्हणून भारतात २०२१ पासून मान्य आहे. गोळ्यांच्या डब्यावर सगळं चिनीत लिहिलेलं असेल तर कस्टमवाल्याला समजावण्याची जबाबदारी तुमची.